मोडण्याचा खर्च

एका प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडली जातात आणि जवळपास तेवढीच नव्याने बांधली जातात. आहारातून येणारी प्रथिनं याच्या मानाने बरीच कमी. म्हणजे नव्या बांधकामाचा बहुतेक कच्चा माल बाहेरून येतच नाही. तो कालच्या, परवाच्या, काही वेळा तर दहा मिनिटांपूर्वीच्या प्रथिनांच्या मोडतोडीतून निघतो. हा हिशेब पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, एवढी उलथापालथ आत चालू असताना आपल्याला काहीच कसं जाणवत नाही? पुढे दुसरा प्रश्न मागे लागला आणि तोच जास्त चिवट निघाला: धडधाकट, काम करणारी गोष्ट मोडायचीच कशाला?

मी शिकत होते तेव्हाच्या पुस्तकांत या मोडतोडीला फारशी जागा नव्हती. जनुकावरून प्रथिन कसं तयार होतं यावर प्रकरणंच्या प्रकरणं, आणि तयार झालेलं प्रथिन पुढे जातं कुठे यावर शेवटी एखादा परिच्छेद. सूर असा, की कचरा साठतो, तो काढावा लागतो, त्यात सांगण्यासारखं काय आहे! नंतर या विषयावरचं मिळेल ते वाचत गेले आणि माझं मत पक्कं होत गेलं. पेशी कशी जगते हे समजून घ्यायचं असेल, तर ती काय मोडते आणि कधी मोडते हे आधी बघावं.

१९३० च्या दशकापर्यंत सर्वसाधारण कल्पना अशी होती की शरीर म्हणजे तयार यंत्र आणि अन्न म्हणजे इंधन. इंधन जळतं, यंत्र तसंच राहतं. थोडीफार झीज होते तेवढी भरून काढली की झालं. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या रुडॉल्फ शोएनहायमर यांनी या कल्पनेला सुरुंग लावला. ते होते त्या कोलंबिया विद्यापीठात हॅरॉल्ड युरी यांच्यामुळे जड नायट्रोजन, म्हणजे नायट्रोजन-१५, हाताशी आला होता. शोएनहायमर यांनी तो अमिनो आम्लांत गुंफला आणि पूर्ण वाढलेल्या, वजन स्थिर असलेल्या उंदरांना खाऊ घातला. अन्न हे निव्वळ इंधन असतं तर हा खुणेचा नायट्रोजन जवळजवळ सगळाच लघवीवाटे बाहेर पडायला हवा होता. पडला साधारण निम्मा. बराचसा उरलेला उंदरांच्या शरीरातल्या प्रथिनांत जाऊन बसला होता. वजन तर वाढलं नव्हतं. म्हणजे जेवढं नवं आत बसलं तेवढं जुनं उठून गेलं होतं. शोएनहायमर १९४१ साली गेले. आपण ज्याला ‘माझं शरीर’ म्हणतो त्याचा पाया किती हलता आहे, हे त्यांच्याइतकं स्वच्छ त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

इथे हमखास नदीची उपमा दिली जाते: पाणी बदलतं, नदी तीच. मला ती अपुरी वाटते. नदीचं पाणी उताराने आपसूक वाहतं, त्यासाठी कुणाच्या खिशाला चाट पडत नाही. पेशीला मात्र या वाहण्याची किंमत मोजावी लागते, आणि खरी गंमत त्या किमतीतच आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एकामागे एक जोडलेली लांब साखळी. ती जोडायला ऊर्जा लागते, हे उघड आहे. तोडताना उलट ऊर्जा मोकळी होते. आपल्या आतड्यांत अन्नातली प्रथिनं मोडतात तेव्हा कापण्याच्या त्या क्रियेला बाहेरून ऊर्जा द्यावी लागत नाही. पाचक विकरं असली की काम होतं. पण १९५३ मध्ये मेल्व्हिन सिम्प्सन यांनी यकृताच्या पातळ चकत्यांवर प्रयोग केले तेव्हा विचित्रच दिसलं. चकत्यांमधल्या पेशींचा ऊर्जापुरवठा तोडला की प्रथिनं मोडण्याचं काम मंदावत होतं. जे काम फुकटात व्हायला हवं, त्यासाठी पेशी पैसे मोजत होती. कशाचे?

दोनच वर्षांनी क्रिस्तियान द दूव यांनी लायसोसोम शोधून काढला. पेशीच्या आतली ही एक छोटी पिशवी. आत आम्ल आणि हर तऱ्हेची कापणारी विकरं. आत जाईल त्याचा चट्टामट्टा. आम्लता टिकवायला ऊर्जा लागते, तेव्हा कोडं सुटल्यासारखं वाटलं आणि पुढची वीसेक वर्षं बहुतेकांनी या उत्तरावर समाधान मानलं. मला या काळाचं फार कुतूहल आहे, कारण उत्तर बसत नाही याचे पुरावे समोरच पडलेले होते. एकाच यकृतपेशीत एका प्रथिनाचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं मोडायला लागणारा वेळ, दहा-पंधरा मिनिटांचं, तर शेजारच्या दुसऱ्याचं कित्येक दिवसांचं. सगळं गिळणारी पिशवी असा भेदभाव कसा करणार?

या आयुष्यांच्या यादीचं दुसरं टोक तर आपल्या डोळ्यांत आहे. डोळ्याच्या भिंगाच्या अगदी मध्यभागातल्या पेशी आपण जन्मण्याआधीच तयार होतात आणि पारदर्शक राहण्यासाठी आपलं केंद्रक आणि आतली बहुतेक यंत्रणा टाकून देतात. त्यानंतर तिथे नवं काही बांधलं जात नाही. तिथली क्रिस्टलिन नावाची प्रथिनं आयुष्यभर तीच. हे वाचत असताना प्रकाश ज्यातून आत येतो आहे, ते तुमच्यापेक्षा थोडं मोठंच आहे म्हणा ना! आणि त्याचा परिणामही ठाऊक आहे. वर्षानुवर्षं ऊन खाऊन, रासायनिक बदल सोसून ही प्रथिनं एकमेकांना चिकटतात, भिंग गढूळ होतं, मोतीबिंदू येतो. जपून ठेवणं म्हणजे टिकवणं अशी माझी जी एक सहज समजूत असते, तिला हे उदाहरण चांगलंच टोचतं.

असो. उत्तर मिळालं ते अशा पेशीत, जिच्यात लायसोसोमच नसतो. तांबडी रक्तपेशी पूर्ण तयार होण्याआधीची तिची एक अवस्था असते, रेटिक्युलोसाइट. १९७७ मध्ये आल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं की सशाच्या या पेशी फोडून केलेल्या अर्कात बिघडलेली प्रथिनं मोडली जातात, आणि तेही एटीपी हे ऊर्जेचं चलन घातलं तरच. म्हणजे पिशवीशिवायही काम चालतं. मग इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेत ॲव्हराम हर्श्को आणि त्यांचा विद्यार्थी आरॉन चेखानोव्हर यांनी हा अर्क वेगळा करायला घेतला. अर्क एका स्तंभातून, म्हणजे काही रेणूंना धरून ठेवणाऱ्या पदार्थाने भरलेल्या नळीतून, सोडला. काही भाग स्तंभाला न चिकटता सरळ खाली आला, काही चिकटून राहिला आणि नंतर क्षाराच्या पाण्याने उतरवावा लागला. गंमत अशी की पहिला भाग एकटा काही करेना, दुसराही एकटा काही करेना. दोन्ही एकत्र केले की मोडतोड पुन्हा सुरू. एका विकराचा शोध घ्यायला निघालेल्या माणसासमोर हे म्हणजे संकटच. पण त्यांनी ते धरून ठेवलं.

पहिल्या भागात प्रामुख्याने हिमोग्लोबिन होतं, लालभडक आणि भरपूर. आपल्याला हवा तो पदार्थ त्या ढिगातून वेगळा कसा काढायचा? त्यांनी तो भाग सरळ उकळला. प्रथिनांच्या प्रयोगशाळेत हे जवळजवळ वेडेपणाचं, कारण उष्णतेने प्रथिनं बिघडतात, साकळतात, निकामी होतात. हिमोग्लोबिन साकळलं, गाळासारखं तळाशी बसलं. वर उरलेलं स्वच्छ पाणी दुसऱ्या भागात घातलं आणि मोडतोड झकास सुरू झाली. उकळूनही न बिघडणारं एक छोटंसं प्रथिन त्या पाण्यात होतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की हे किंवा याचा जोडीदार कापणारा असेल. त्याला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून अर्कात सोडलं, तेव्हा एटीपी असताना ते भलत्याच जड रेणूंबरोबर दिसू लागलं. कडक रासायनिक उपाय करूनही ते सुटेना. म्हणजे ते नुसतं टेकलेलं नव्हतं, पक्क्या बंधाने जोडलं गेलं होतं. ज्याला मोडायचं, त्यालाच ते जाऊन चिकटत होतं. कापत काहीच नव्हतं, फक्त खूण करत होतं.

फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस संस्थेत अर्विन रोझ यांच्याबरोबर हे काम पुढे गेलं आणि १९८० मध्ये छापून आलं. त्याच वर्षी ओळख पटली की हे छोटं प्रथिन नवं नाहीच. १९७५ पासून ते माहीत होतं, काय करतं ते मात्र कुणाला कळलं नव्हतं. युबिक्विटिन त्याचं नाव, ७६ अमिनो आम्लांची साखळी. यीस्टमधलं आणि माणसातलं युबिक्विटिन शेजारी ठेवलं तर ७६ पैकी फक्त तीन जागी फरक. उत्क्रांतीने ज्याला इतक्या काळात हात लावला नाही, ते किती मोक्याच्या जागी बसलेलं असेल! हर्श्को, चेखानोव्हर आणि रोझ यांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि तो ऊर्जेचा खर्च? तो कापण्यासाठी नव्हताच. कोणाला मोडायचं हे ठरवून त्याच्यावर खूण करण्यासाठी होता. कापणं फुकट आहे, निवडणं महाग आहे.

निवडीची ही व्यवस्था तीन पायऱ्यांची. पहिलं विकर एटीपी खर्चून युबिक्विटिनला कामाला जुंपतं, दुसरं त्याला वाहून नेतं आणि तिसरं, लायगेज, नेमकं गिऱ्हाईक ओळखून त्याच्याशी गाठ घालून देतं. माणसात पहिल्या प्रकारची विकरं दोन, दुसऱ्याची चाळीसच्या आसपास आणि तिसऱ्याची सहाशेहून जास्त. आपली प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण वीस हजार. त्यातली सहाशे फक्त ‘याला मोडा’ म्हणून बोट दाखवण्यात गुंतलेली. एका युबिक्विटिनने सहसा भागत नाही. त्यावर दुसरं, त्यावर तिसरं असं करत निदान चारांची शेपटी लागावी लागते. ही खूण पुसणारी विकरंही शंभरेक आहेत. म्हणजे शिक्षा सुनावल्यावरही ती माफ होण्याची सोय पेशीने ठेवली आहे.

शेपटी लागलेलं प्रथिन प्रोटिआसोमकडे जातं. हे यंत्र जवळून पाहण्यासारखं आहे. मधला भाग पिंपाच्या आकाराचा, एकावर एक रचलेल्या चार कड्यांचा, प्रत्येक कड्यात सात घटक. कापणारी पाती सगळी आतल्या बाजूला, बाहेर एकही नाही. त्यामुळे पेशीत फिरणाऱ्या सज्जन प्रथिनांना या यंत्राला घासून जायला भीती नाही. तोंड इतकं अरुंद की घडी घातलेलं प्रथिन आत जाऊच शकत नाही. वर एक टोपी बसलेली असते, ती युबिक्विटिनची शेपटी धरते. टोपीतलं सहा मोटरींचं कडं एटीपी जाळत प्रथिनाची घडी उलगडतं आणि सुटा झालेला धागा आत ओढतं. शेपटी दाराशीच कापून परत दिली जाते, पुढच्या कामासाठी. दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात ते छोटे तुकडे. बहुतेक तुकड्यांची पुढे अमिनो आम्लं होतात. काही थोडे मात्र पेशीच्या पृष्ठभागावर नेऊन मांडले जातात, आत काय काय बनत होतं याचा नमुना म्हणून. गस्तीवरच्या टी-पेशी ते तपासतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला तर त्या पेशीची खैर नाही. मोडीतून हेरगिरी करण्याची ही सोय मला निव्वळ लबाड वाटते, चांगल्या अर्थाने.

इथपर्यंत कुणी म्हणेल, ठीक आहे, साफसफाईची चांगली व्यवस्था आहे. पण माझा मूळ प्रश्न धडधाकट प्रथिनांचा होता. त्याचं उत्तर टिम हंट यांच्या एका साध्या प्रयोगात आहे. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होल इथे ते सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर काम करत होते. फलित अंड्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं की त्यानंतर बनणाऱ्या प्रत्येक प्रथिनावर खूण उमटते. थोड्या थोड्या वेळाने अंडी काढायची, त्यातली प्रथिनं जेलवर पसरायची आणि फिल्मवर उमटलेले काळे पट्टे बघायचे. अपेक्षेप्रमाणे पट्टे दर वेळी गडद होत गेले; बनतंय, साठतंय. एक पट्टा सोडून. तो गडद होत गेला आणि अंड्याचं विभाजन होण्याच्या सुमारास नाहीसा झाला. मग पुन्हा उमटला, पुन्हा गडद झाला, पुढच्या विभाजनाला पुन्हा गायब. बाकी सगळे पट्टे जागच्या जागी. हे होतं सायक्लिन.

सायक्लिन साठत गेलं की ते विभाजनाची यंत्रणा चालू करतं. पण विभाजन संपायचं तर सायक्लिन नष्टच व्हावं लागतं. १९८९ मध्ये ॲन्ड्र्यू मरी आणि मार्क कर्शनर यांच्या गटाने मोडता न येणारं सायक्लिन बनवलं, सुरुवातीचा तुकडा काढून टाकलेलं. बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात ते घातलं, तर अर्क विभाजनाच्या अवस्थेत शिरला आणि तिथेच अडकून पडला. दोन वर्षांनी कळलं की सायक्लिनवरही तीच युबिक्विटिनची खूण लागते.

तेवढ्याच वेळात पेशीत दुसरं एक काम उरकलेलं असतं. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती कोहेसिन नावाच्या कड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. ही कडी कापणारं विकर पेशीत तयारच असतं, पण सिक्युरिन नावाचं प्रथिन त्याला धरून बसलेलं असतं. सगळी गुणसूत्रं दोन्ही बाजूंच्या धाग्यांना नीट जोडली जाईपर्यंत पेशी थांबते. एक जरी सुटं राहिलं तरी थांबते. शेवटचं जोडलं गेलं की सिक्युरिनवर खूण लागते, ते मोडतं, विकर मोकळं होतं, कडी तुटतात आणि दोन्ही प्रती विरुद्ध दिशांना ओढल्या जातात. काही मिनिटांचा खेळ.

पेशीला एखादं प्रथिन तात्पुरतं बंद करायचं असेल तर सोपे मार्ग आहेत. त्यावर फॉस्फेटचा एक गट चिकटवला की बंद, काढला की चालू. मग मोडायचं कशाला? कारण बंद केलेलं पुन्हा चालू होऊ शकतं. मोडलेलं होत नाही. ते नव्याने बनवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. विभाजनाच्या अर्ध्या वाटेवरून मागे फिरणं पेशीला परवडणारं नाही, गुणसूत्रं चुकीच्या हिश्शात गेली तर कर्करोगापर्यंत मजल जाऊ शकते. तेव्हा मागचा रस्ताच नाहीसा करायचा. काळ पुढेच जातो हे पेशीला कळतं ते बहुधा अशाच ठिकाणी.

दुसरं उदाहरण याच्या नेमकं उलट वाटतं आणि मला ते जास्त आवडतं. एचआयएफ-१ अल्फा नावाचं प्रथिन ऑक्सिजन कमी पडला तर लागतं: नव्या रक्तवाहिन्या, जास्त तांबड्या पेशी वगैरे व्यवस्था ते लावतं. ऑक्सिजन मुबलक असताना त्याची काही गरज नाही. तरी पेशी ते सतत बनवत राहते आणि सतत मोडत राहते. ऑक्सिजन असताना त्याचं अर्धायुष्य पाच मिनिटांहून कमी. वरवर पाहता शुद्ध उधळपट्टी. पण ऑक्सिजन खरोखर कमी पडला तर जनुकापासून सुरुवात करून प्रथिन बनवत बसायला वेळ कुठला? इथे फक्त मोडणं थांबवायचं असतं, साठा लगेच वाढू लागतो. थांबवण्याची तऱ्हाही सुरेख. एचआयएफवर खूण लागण्याआधी त्याच्यावर एक रासायनिक बदल व्हावा लागतो आणि तो बदल करायला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन नाही, तर बदल नाही, खूण नाही, मोडणं नाही. मोजमाप आणि निर्णय एकाच क्रियेत. ही खूण लावणाऱ्या गटात व्हीएचएल नावाचं प्रथिन असतं. ते जन्मतःच सदोष असलेल्या लोकांत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी होतात, मूत्रपिंडाचा कर्करोग होऊ शकतो. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं.

अशी व्यवस्था आहे म्हटल्यावर तिचा गैरफायदा घेणारेही आलेच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू स्वतःचं एक प्रथिन मधे घालून पेशीच्याच लायगेजकडून पी-५३ ला खूण लावून घेतो. पी-५३ म्हणजे पेशीतला कर्करोगाविरुद्धचा पहारेकरी. विषाणू त्याच्या अंगाला हात लावत नाही, फक्त घरच्या माणसाकडून त्याचं नाव यादीत घालवतो.

आणि व्यवस्था स्वतःही कधीकधी फार कडक वागते. सिस्टिक फायब्रोसिस या आजारातला सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे क्लोराइड वाहून नेणाऱ्या एका प्रथिनात एक अमिनो आम्ल गळलेलं असतं. घडी जरा वेडीवाकडी बसते. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पोचलं तर थोडंफार काम करू शकतं. पण गुणवत्ता तपासणारी यंत्रणा त्याला तिथवर पोचूच देत नाही, वाटेतच खूण लावून प्रोटिआसोमकडे पाठवते. रोगी भोगतो ते बऱ्याच अंशी या काटेकोरपणामुळे. हल्लीची काही औषधं नेमकं एवढंच करतात: घडी थोडी सावरून धरतात, म्हणजे तपासणीतून प्रथिन सुटतं. बरं-वाईट ठरवणाऱ्या कुठल्याही यंत्रणेचं कौतुक करताना मी हे उदाहरण हाताशी ठेवते.

औषधांचाच विषय निघाला तर थॅलिडोमाइड टाळता येत नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलेलं हे औषध १९६१ मध्ये बाजारातून काढावं लागलं. तोवर हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. ते नेमकं काय करतं, हे पन्नासेक वर्षं कळलं नाही. २०१० मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की ते सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि सेरेब्लॉन हा एका लायगेजचा भाग आहे. थॅलिडोमाइड चिकटलं की त्या लायगेजची नजरच बदलते. एरवी ज्यांच्याकडे ते बघणारही नाही अशा प्रथिनांना ते खूण लावू लागतं. त्यातलं एक, एसएएलएल-४, गर्भात हातपाय घडण्यासाठी लागतं. त्याच घराण्यातलं लेनालिडोमाइड हे औषध मल्टिपल मायलोमा या कर्करोगात जीव वाचवतं, कारण तिथे त्याच पद्धतीने कर्करोगाच्या पेशींना हवी असलेली दोन प्रथिनं मोडली जातात. रेणूत फारसा फरक नाही. काय मोडलं आणि कुणाच्या शरीरात मोडलं, यात सगळा फरक.

आता हाच डाव मुद्दाम खेळला जातोय. एका टोकाने लायगेज धरायचं, दुसऱ्या टोकाने नको असलेलं प्रथिन धरायचं आणि दोघांना एकमेकांसमोर आणून उभं करायचं, असे दुतोंडी रेणू २००१ पासून बनवले जात आहेत. नेहमीच्या औषधाला प्रथिनावर नेमकी खाच लागते, जिथे बसून ते त्याचं काम रोखेल. इथे काम रोखायचंच नाहीये. कुठेतरी धरायला जागा मिळाली की पुरे, पुढचं पेशी करते. शिवाय एक रेणू एका प्रथिनाचा निकाल लागल्यावर मोकळा होतो आणि पुढच्याकडे जातो. अडचण आहे ती दुसऱ्या बाजूने. सहाशेहून जास्त लायगेज हाताशी असूनही या रेणूंमध्ये बहुतेक वेळा दोनच वापरली जातात, सेरेब्लॉनचं आणि व्हीएचएलचं, कारण नीट पकडता येण्याजोगे रेणू आधी त्यांच्यासाठी मिळाले. बाकीची कोणत्या अवयवात, कोणत्या गिऱ्हाइकासाठी, कोणत्या क्षणी कामाला लागतात, हे एकेकाचं तपासणं चालू आहे. एखादं लायगेज फक्त गाठीच्या पेशींत असेल आणि शेजारच्या निरोगी पेशींत नसेल, तर औषध तिथेच मोडेल जिथे मोडायला हवं. शोध मुख्यतः अशांचा आहे.